कूस बदलली की आईला (वय ७२) गरगरतं. बीपीच्या गोळीमुळे असेल का?

कूस बदलताना गरगरत असेल तर पहिला संशय कानावर घ्या. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. डोकं वळलं की ते सरकतात आणि खोली फिरते, बहुधा मिनिटभराच्या आत थांबते. या त्रासाला बीपीपीव्ही म्हणतात. कानाचे डॉक्टर डिक्स-हॉलपाइक चाचणीने (डोकं वळवून झटकन आडवं करून) कोणत्या बाजूचा कान ते ओळखतात, मग एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागी आणतात. बरेचदा एक-दोन वेळांत काम होतं. चक्करेच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊन कण हलत नाहीत, उलट गुंगीने पडायची भीती वाढते.

बीपीच्या गोळीची चक्कर वेगळी: उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी. आईंना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी मोजा, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद डॉक्टरांना दाखवा. गोळी परस्पर बंद करू नका. झोपेची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, तोंड वाकडं झालं किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर थेट हॉस्पिटल.