भारतीय पासपोर्टवर वेल्सच्या नव्या कायरवर्दिन मतदारसंघात मत देता येतं का?

हो, येतं. भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या भारतीयाला, विद्यार्थी असला तरी, १८ पूर्ण झाल्यावर वेस्टमिन्स्टरसाठी, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेसाठी, मत आहे. कार्डिफच्या सेनेडसाठी, म्हणजे वेल्सच्या स्वतःच्या संसदेसाठी, १६ पुरे. २०२४ मध्ये वेस्टमिन्स्टरमधल्या वेल्सच्या जागा ४० वरून ३२ झाल्या, तेव्हा कारमार्थनच्या पूर्व-पश्चिम मतदारसंघांचे तुकडे जोडून हा झाला. सेनेडसाठी मात्र हाच भाग शेजारच्या लानेल्ली मतदारसंघाला जोडलाय आणि तिथे सहा जागा आहेत, म्हणजे दोन निवडणुकांना दोन वेगळे मतदारसंघ! नाव ऑनलाइन नोंदवा, मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधी. नॅशनल इन्शुरन्स नंबर (ब्रिटनमधला कर-विम्याचा वैयक्तिक क्रमांक) जवळ ठेवा. एक लक्षात असू द्या: वेस्टमिन्स्टरच्या मतदानाला केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतंच (भारतीय पासपोर्ट चालतो), सेनेडला लागत नाही.