‘मी’ म्हणणारं कोण? निवेदन शिकवताना येणारे प्रश्न

प्रश्न : नववीला निवेदकाचे, म्हणजे कथा सांगणाऱ्याचे, प्रकार फळ्यावर लिहून दिले. आता कोणताही उतारा दिला की मुलं ‘प्रथमपुरुषी’ किंवा ‘तृतीयपुरुषी’ लिहून मोकळी होतात आणि पुढच्याच ओळीत ‘लेखक म्हणतात’ असं लिहितात. लेखक आणि निवेदक यांतला फरक त्यांना कसा पटवावा?
– माध्यमिक शिक्षिका, सातारा

प्रकारांची नावं निदान पहिले दोन तास फळ्यावर येऊ देऊ नका. नाव हाताशी असलं की मुलं उतारा वाचतच नाहीत, त्यात ‘मी’ आहे का एवढंच बघतात. सुरुवात पाच-सहा ओळींच्या उताऱ्यानं करा. त्यावर लेखकाचं नाव नको. असा एखादा चालेल :

‘आबा ओसरीवर बसला होता. मी दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि आत गेले. आई ताटं घेत होती. कोणी काही बोललं नाही. आबानं पानातली भाकरी तशीच ठेवली. काकी म्हणे दुपारीच माहेरी निघून गेली.’

मग एकच प्रश्न विचारा : हे सांगणाऱ्या व्यक्तीबद्दल काय काय कळतं, आणि कोणत्या शब्दावरून? शब्द दाखवता आला नाही तर उत्तर धरायचं नाही. मुलगी आहे, हे ‘गेले’वरून कळतं. बरीच मुलं इथे ‘ठेवलं’कडे बोट दाखवतात. ते क्रियापद दप्तराच्या लिंगाप्रमाणे चालतं, त्यातून सांगणाऱ्याचं लिंग कळत नाही. व्याकरणाच्या तासाला रुक्ष वाटणारा कर्मणी प्रयोग इथे कामाला येतो; ही संधी सोडू नका. ‘आम्ही गेलो’मध्येही लिंग लपतं. कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, दुसरी खूण शोधायला लावावी.

दप्तरावरून ती शाळेत जाणारी आहे. आबाला ती ‘बसला होता’ म्हणते, ‘बसले होते’ म्हणत नाही. हा अनादर की घरातली जवळीक, यावर वर्गात दोन तट पडतील, पडू द्या. सगळ्यांत मोलाचा शब्द मात्र ‘म्हणे’. काकी जाताना हिनं पाहिलेलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय. एवढ्या लहान शब्दात निवेदिकेला काय माहीत आहे आणि काय नाही, याची हद्द आखली गेली आहे.

आता दुसरं काम. हाच प्रसंग काकीच्या तोंडून लिहायला सांगा. निम्म्याहून अधिक वह्यांत काकी ‘आबानं भाकरी तशीच ठेवली’ असं सांगताना सापडेल. ती दुपारीच गेली होती. तिला ते ताट दिसणार कुठून? ही चूक सापडली की ती फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, मूल कोण ते न सांगता. लेखकाला सगळं ठाऊक असतं, निवेदकाला त्याच्या जागेवरून जेवढं दिसतं-ऐकू येतं तेवढंच सांगता येतं, हे व्याख्येपेक्षा या एका चुकीतून लवकर कळतं. ३५ मिनिटांच्या तासात खुणा शोधायला १०, लेखनाला १५ आणि दोन वह्या मोठ्यानं वाचायला १० मिनिटं पुरतात. दहा ओळींचा उतारा घेतलात तर लेखन घरी जातं आणि मग ते होत नाही.

यानंतर ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींचं १९३५ सालचं हे पुस्तक ४२ रात्रींत विभागलेलं आहे. आश्रमातल्या मित्रांना श्याम आठवणी सांगतो, आणि श्याम बोलायला बसला, मंडळी जमली, हे सांगणारा आवाज त्याच्याबाहेरचा आहे. म्हणजे पुस्तकाचे लेखक साने गुरुजी, बाहेरचा निवेदक आणि आतला ‘मी’ म्हणणारा श्याम, असे तीन वेगळे झाले. त्या ‘मी’तही दोन श्याम आहेत. तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा लहान, आणि त्या हट्टाचा अर्थ आज सांगणारा मोठा. एखाद्या रात्रीचं एक पान घेऊन, लहान श्यामला तेव्हा कळलं असेल ते पेन्सिलीनं आणि मोठ्याला नंतर उमगलं ते लाल पेनानं अधोरेखित करायला द्या. ‘साने गुरुजी म्हणतात’ हे वाक्य त्यानंतर मुलं स्वतःच खोडतात.

प्रश्न : मार्गदर्शकात ‘तृतीयपुरुषी म्हणजे सर्वज्ञ निवेदक’ असं सरसकट दिलेलं असतं. ते बरोबर आहे का? नसेल तर दहावी-अकरावीच्या मुलांना त्यातले भेद कितपत सांगावेत?
– कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, नांदेड

बरोबर नाही, आणि या एका वाक्यानं बरंच नुकसान होतं. तृतीयपुरुषी निवेदक सर्वज्ञ असू शकतो, असायलाच हवा असं नाही. फळ्यावर तीन वाक्यं एकाखाली एक लिहा :

सरांना राग आला.
सरांना राग आला असावा.
सरांनी खडू टेबलावर आपटला.

पहिल्यात निवेदक सरांच्या मनात शिरला आहे. दुसऱ्यात तो बाहेर उभा राहून अंदाज करतो आहे. तिसऱ्यात तो फक्त पाहतो, राग हा शब्द वाचकानं भरायचा. ‘असावा’, ‘बहुधा’, ‘जणू’, ‘वाटत होतं’ हे शब्द निवेदकाचं कुंपण दाखवतात. संपूर्ण कथेसाठी कसोटी अशी : तीन पानं घ्या, प्रत्येक परिच्छेदाच्या समासात, ज्याच्या मनातलं थेट सांगितलंय त्या पात्राचं आद्याक्षर लिहा. सगळीकडे एकच अक्षर आलं तर निवेदक तृतीयपुरुषी पण एका पात्रापुरता मर्यादित आहे. तीन-चार अक्षरं आली तर सर्वज्ञ म्हणता येईल. एकही आलं नाही तर तो निव्वळ पाहणारा.

अकरावीला आणखी एक पायरी नक्की चढा. हा उतारा पाहा : ‘सुमन दाराशी थांबली. आत जावं का? आज मामा नक्की रागावणार. तिनं चपला काढल्या.’

मधली दोन वाक्यं कोणाची? अवतरणचिन्ह नाही, ‘म्हणाली’ नाही. तरी ती निवेदकाचीही नाहीत, कारण निवेदकाचा तो मामा लागत नाही आणि त्याच्या दृष्टीनं ती घटना ‘आज’ची नाही. वाक्यापुढे ‘असं सुमनला वाटलं’ जोडून पाहायचं. बसलं तर निवेदकाच्या बोलण्यात सुमनचा आवाज मिसळला आहे. इंग्रजी समीक्षेवरून तयार केलेल्या टिपणांत इथे क्रियापदाचा काळ बदलतो असं दिलेलं असतं आणि मुलं मराठीतही तो बदल शोधत बसतात. मराठीत पात्राच्या मनातला काळ सहसा तसाच राहतो. इथल्या खुणा म्हणजे नात्याचे शब्द, ‘आज-उद्या-इथे’सारखे शब्द आणि ‘बाई’, ‘की’, ‘ना’ असे बोलण्यातले तुकडे.

प्रश्न : मुलांना वर्गात सगळं कळतं, पण रसग्रहण किंवा स्वमत लिहायला दिलं की कथेचा सारांश येतो, शेवटी ‘त्यामुळे उतारा प्रभावी झाला आहे’. ६० वह्या तपासून तेच ते वाचायचं. काय करावं?
– मराठी विषय शिक्षक, ठाणे जिल्हा

‘प्रभावी’, ‘हृदयस्पर्शी’ आणि ‘ओघवती भाषा’ या तीन शब्दांना महिनाभर वर्गात बंदी घाला. मुलं हे शब्द आळसानं लिहीत नाहीत, दुसरं काय लिहायचं ते त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून दोन नमुने शेजारी ठेवा. पहिला : ‘या उताऱ्यात प्रथमपुरुषी निवेदन आहे. त्यामुळे उतारा प्रभावी झाला आहे.’ हे वाक्य पाठ्यपुस्तकातल्या निम्म्या पाठांना जसंच्या तसं लावता येतं, हे मुलांना करून बघू द्या. दुसरा, वरच्याच उताऱ्यावर : ‘काकी गेल्याचं निवेदिका “म्हणे” घालून सांगते. तिनं ते पाहिलेलं नाही आणि घरात तिला कोणी नीट सांगितलेलंही नाही. भांडणाचं कारण वाचकालाही कळत नाही. तशीच राहिलेली भाकरी पाहून तो तर्क करतो.’

यात आधी उताऱ्यातला शब्द आहे, मग त्यावरून निघणारा अर्थ, मग वाचकावर होणारा परिणाम. तिसरा भाग मुलं हमखास गाळतात, कारण वाचक म्हणून आपल्याला काय झालं हे लिहायचं असतं याची त्यांना सवय नसते. तेवढाच भाग आठवडाभर वेगळा लिहून घ्या. सारांशाला दोन ओळींची मुभा असू द्या, पूर्ण बंद केलात तर उत्तर सुरूच होत नाही.

तपासताना प्रत्येक वहीतलं एकच वाक्य निवडा आणि समासात ‘कुठे?’ एवढंच लिहा. मुलानं उताऱ्यातला शब्द दाखवून ते वाक्य पुन्हा लिहून आणायचं. साठ वह्यांना हे झेपतं, आणि सगळी पानं लाल करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

प्रश्न : निवेदक बदलून लिहायला दिलं की काही मुलं घरच्या बोलीत लिहितात. गुण कापावेत का?
– शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

मुळीच नाही. आजीला निवेदक केल्यावर आजीची भाषा आणणारं मूल पाठ नीट समजलेलं मूल आहे. बघायचं ते एवढंच, की बोली शेवटपर्यंत टिकली का. ‘म्या गेलो’ म्हणणारा निवेदक चौथ्या ओळीत ‘अत्यंत व्यथित झालो’ म्हणाला तर तिथे अधोरेखा ओढा आणि त्या माणसाच्या तोंडी हा शब्द येईल का, असं विचारा. उताऱ्याबद्दलचं विवेचन मात्र प्रमाण भाषेत लिहून घ्या. परीक्षेत तेच लागणार आहे, आणि दोन्ही वेगळी कामं आहेत हे मुलांना आधी स्पष्ट सांगा.