सर्जिसेल मागण्याआधी

अरे, ऑपरेशनमध्ये रक्त दिसलं की लगेच सिस्टरकडे सर्जिसेल (रक्त थांबवणारी, शरीरात विरघळणारी जाळी) मागू नकोस. आधी मॉपने (कापडी पॅडने) दाबून धर, घड्याळात बघून 5 मिनिटं. (आपली 5 मिनिटं दीडच असतात!) धमनीतून रक्त उडत असेल तर टाकाच हवा; हे विरघळणारे पदार्थ झिरपणाऱ्या रक्तासाठी. सर्जिसेल कोरडंच लाव. ते आम्लधर्मी, त्यावर थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) टाकलंस तर वाया जातं. थ्रॉम्बिन वापरायचंच तर त्यात जेलफोम (जिलेटिनचा स्पंज) भिजव. तो विरघळायला 4 ते 6 आठवडे घेतो आणि ओला झाला की फुगतो, म्हणून मज्जारज्जूजवळ वापरलास तर रक्त थांबताच काढून घे. आणि आत काय ठेवलंस ते ऑपरेशन नोट्समध्ये लिही, नाहीतर पुढे सीटीवर त्यालाच कुणीतरी गळू समजतं.