घरमालक भाडेकरार नोंदवत नाही, दुरुस्तीही करत नाही? आधी हे कर

भांडायला जाण्याआधी कागद जमव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 : लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नि ती जबाबदारी मालकाची. नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं समजू नकोस. पुण्यात नवी पोरं इथेच फसतात. नोंदणी नसेल तर अटींबाबत तुझंच म्हणणं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. एवढं शांतपणे सांगितलं की बऱ्याच काकांचा आवाज खाली येतो!

- डिपॉझिट, भाडं यूपीआयने. रोख दिलंस तर पावती घेच.
- गळका नळ, ओल आलेली भिंत : फोटो व्हॉट्सॲपवर पाठव. फोनवरच्या 'बघतो'ला पुरावा नसतो.
- रागाच्या भरात भाडं थांबवू नकोस, बाजू तुझीच लंगडी पडते.

नोटीस, कोर्ट हे सध्या राहू दे.