वाचकांचे प्रश्न : जुना सिंथ, नवे नॉब

प्रश्न : यामाहाचा जुना डीएक्स७ सिंथेसायझर घेतला आहे, सोबत २४ नॉबचा नवा मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत) कंट्रोलर. मॉड्युलेशनला नेमलेला नॉब चालतो. बाकीचे कितीही फिरवा, आवाजात काडीचा फरक पडत नाही. कंट्रोलर सदोष आहे का? (नाशिक)

उत्तर : कंट्रोलर ठणठणीत आहे. तो सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे ठरावीक क्रमांकांचे साधे मिडी संदेश) पाठवतो आणि १९८३ च्या डीएक्स७ ला सीसी मोजकेच कळतात : मॉड्युलेशन, ब्रेथ, फूट पेडल, सस्टेन वगैरे. आवाज घडवणारे पॅरामीटर बदलायचे तर सिसेक्स (सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, म्हणजे त्या कंपनीच्या वाद्यापुरता खास) संदेशच हवा.

आधी सिंथचं दार उघडा. फंक्शन मोडमध्ये ८ नंबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत 'सिस इन्फो अनअव्हेल' पर्यंत या आणि 'येस' दाबा; तिथे 'अव्हेल' दिसलं पाहिजे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. त्याच बटणावर मिडी चॅनलही आहे, तो १ ठेवा.

आता संदेश. डीएक्स७ चा आवाज सहा ध्वनिजनकांतून, म्हणजे ऑपरेटरांतून, घडतो. ऑपरेटर १ च्या आउटपुट लेव्हलसाठी दशमान आकड्यांत तो असा :

२४० ६७ १६ ० १२१ मूल्य २४७

२४० म्हणजे सिसेक्सची सुरुवात, ६७ यामाहाची खूण, १६ म्हणजे चॅनल १ (चॅनल २ ला १७), पुढचं ० गटाचं, १२१ पॅरामीटरचा क्रमांक, २४७ शेवट. काही ठिकाणी हेच षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत छापलेलं असतं, तिथे १२१ च्या जागी ७९ दिसेल. दोन्ही पद्धतींची सरमिसळ ही नवख्यांची हमखास चूक.

क्रमांक उलटे लागतात. ऑपरेटर ६ पहिला, १ शेवटचा, प्रत्येकाचे २१ पॅरामीटर. त्यामुळे ६ ते १ या सहा ऑपरेटरांच्या आउटपुट लेव्हल अनुक्रमे १६, ३७, ५८, ७९, १०० आणि १२१ वर आहेत. क्रमांक १२७ च्या वर गेला की गटाच्या जागी १ लिहायचा आणि क्रमांकातून १२८ वजा करायचे. फीडबॅक (ऑपरेटरचा स्वतःवरच होणारा परिणाम) १३५ वर आहे, म्हणून '१ ७', मूल्य ० ते ७. अल्गोरिदम (ऑपरेटर एकमेकांना जोडायची रचना) १३४, म्हणजे '१ ६', मूल्य ० ते ३१. मोजणी शून्यापासून असल्याने अल्गोरिदम ५ साठी ४ पाठवायचे.

लेव्हलची मर्यादा ९९ आहे आणि नॉब मात्र १२७ पर्यंत जातो. कंट्रोलरमध्ये किमान ०, कमाल ९९ असं बांधून टाका. जादा आकडा सिंथ नाकारेल या भरवशावर राहू नका. कंट्रोलरला सिसेक्स पाठवताच येत नसेल तर संगणकावर बोम मिडी ट्रान्सलेटरसारखा दुभाष्या लागेल : सीसी आत घ्या, ९९ ने गुणून १२७ ने भागा, वरच्या संदेशात बसवून पुढे पाठवा.

दीडशेच्या वर पॅरामीटर आहेत म्हणून सगळ्यांना नॉब वाटू नका. कंट्रोलरच्या नॉबच्या चौथ्या पानावर काय होतं ते तुम्हालाच आठवणार नाही. अल्गोरिदम ५ घ्या. त्यात तीन जोड्या आहेत : २ चा १ वर, ४ चा ३ वर, ६ चा ५ वर परिणाम. २, ४, ६ च्या लेव्हल आणि फीडबॅक एवढे चार नॉब लावले तरी इलेक्ट्रिक पियानो मऊ सुरापासून थेट पितळी ठणठणाटापर्यंत नेता येतो. पुढचे तीन त्याच ऑपरेटरांच्या कोर्स फ्रिक्वेन्सीला (वारंवारितेच्या ढोबळ मापाला) द्या : १०२, ६० आणि १८.

मनाजोगता आवाज मिळाला की लगेच साठवा. मेमरी प्रोटेक्ट काढा, 'स्टोअर' दाबून धरा आणि जागेचा नंबर दाबा. त्याआधी दुसरा पॅच (साठवलेला आवाज) निवडलात तर मेहनत पाण्यात जायची भीती. साठवूनही सिंथ बंद केल्यावर पॅच जात असतील, तर आतली सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती पट्ट्यांनी सोल्डर केलेली असते. बदलण्याआधी पॅचची प्रत बाहेर काढून ठेवा.

प्रश्न : नॉब भराभर फिरवला की डीएक्स७ चे सूर अडखळतात, कधी पडद्यावर 'मिडी बफर फुल' येतं. केबल बदलून पाहिली. (पुणे)

उत्तर : केबलचा दोष नाही, गर्दीचा आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, आणि एका बाइटला १० बिट. म्हणजे बाइटमागे ०.३२ मिलिसेकंद, आणि ७ बाइटच्या संदेशाला २.२४. ० ते ९९ असा एक सपाटा मारला की पाव सेकंदभर तार भरलेली. त्यात सूर पाठवले तर ते रांगेत. शिवाय सिंथचा त्या काळातला प्रोसेसर हे वाचत असतानाच कळफलकही सांभाळतो. संदेशांमध्ये २० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा, मधली मूल्यं गळली तरी चालतील. शेवटचं मूल्य मात्र गेलंच पाहिजे. कंट्रोलरचं मिडी क्लॉक (तालासाठी सतत जाणारे संदेश) बंद करा. रोलँडच्या अल्फा ज्युनो सिंथला हेच पथ्य अधिक कडक, कारण तिथे संदेश १० बाइटचा.

प्रश्न : रोलँडच्या ज्युनो-१०६ सिंथवर कोरसचं (आवाज दाट करणाऱ्या इफेक्टचं) बटण कंट्रोलरला लावलं. कोरस चालू होतो, पण सप्तक आणि वेव्हफॉर्मही (लहरीचा आकार) बदलतात! (ठाणे)

उत्तर : कारण तिथे एकाच बाइटमध्ये अख्खं बिऱ्हाड राहतं. संदेश २४० ६५ ५० ० १६ मूल्य २४७. त्या मूल्यात १, २, ४ म्हणजे १६, ८, ४ फुटांचं सप्तक (फूट जास्त तितकं सप्तक खालचं). ८ पल्स, १६ सॉटूथ, ३२ कोरस बंद, ६४ कोरस १ प्रकारचा. तुम्ही नुसतं ६४ पाठवलंत, म्हणजे बाकी सगळं पुसलंत. ८ फूट आणि सॉटूथ कायम ठेवून कोरस १ हवा तर २+१६+६४ = ८२, कोरस २ साठी १८, कोरस बंदसाठी ५०. पाठीमागचा मिडी स्विच ३ वर नसेल तर यातलं काहीच चालणार नाही.

प्रश्न : जपानहून आणलेला डीएक्स७ थेट घरच्या सॉकेटला लावू का? (कोल्हापूर)

उत्तर : पाठीमागे १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर मुळीच नाही. २३० वरून १०० वर आणणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. नुसता प्लगचा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही.