नवा घडीचा चाकू: आधी लॉक बघा, धार नंतर

तुमच्या नव्या घडीच्या चाकूचे फोटो मोठे करून नीट पाहिले. तुमच्या तक्रारी चार आहेत. मिटल्यावर पातं एका अंगाला झुकतं, उघडल्यावर डावीउजवीकडे थोडं हलतं, धार मुठीकडे बारीक आणि टोकाकडे जाड आहे, आणि लायनर लॉक पात्याच्या बुडाला 'जेमतेम टेकतो'. तुम्हाला सगळ्यात जास्त धार खटकलीय. मला लॉकची काळजी वाटते, म्हणून आधी तेच.

लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतल्या पत्र्यातूनच कापून वाकवलेली एक पट्टी. पातं पूर्ण उघडलं की ती आत सरकते, पात्याच्या बुडामागे येऊन बसते आणि त्याला मिटू देत नाही. बोटं शाबूत राहतात ती या पट्टीच्या भरवशावर. बुडाच्या जाडीच्या निदान पाव भागावर तरी ती बसायला हवी. पाव ते निम्मी असेल तर उत्तम. पार पलीकडच्या कडेला जाऊन टेकत असेल तर नव्या चाकूत तेही वाईटच, कारण पुढे झिजायला जागा उरत नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत तर पट्टीची नुसती कड टेकलेली दिसते.

खात्री करायची असेल तर चाकू उघडा आणि मूठ दोन्ही बाजूंनी अशी धरा की एकही बोट पात्याच्या वाटेत येणार नाही. पात्याची पाठ जुन्या पोळपाटावर टेकवा आणि दाब हळूहळू वाढवा. पट्टी बाहेर सरकताना दिसली की निकाल लागला. पाठ टेबलावर जोरात आपटून बघणारे व्हिडिओ आहेत, तसं मुळीच करू नका. धडधाकट लॉकही त्याने बिघडतो.

एवढं बजावतोय कारण असाच एक लॉक मी स्वतः 'चालतंय की' म्हणून चालवून घेतला होता. राजगडावर पद्मावती माचीवर नायलॉनची दोरी कापताना पातं अडकलं. सोडवायला थोडं पिरगाळलं तशी पट्टी सटकली आणि पातं तर्जनीवर मिटलं. चार टाके पडले. थंडीत ते बोट अजून आखडतं. माझी आयुष्याची वीस-बावीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये फिटिंग तपासण्यात गेली होती, तरी हे झालं.

तेव्हा हा चाकू परत करा, आणि तो जाईपर्यंत एकाही स्क्रूला हात लावू नका. खोललेल्या चाकूची वॉरंटी काही कंपन्या नाकारतात. लॉकचा जवळून फोटो आणि पातं हलतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा, परतीची मुदत संपायच्या आत तक्रार लेखी नोंदवा. विक्रेत्याने टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५.

आता बदलून येणाऱ्या चाकूबद्दल. पातं आडवं हलत असेल तर ते बहुतेक वेळा पिव्होटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या खिळीचा, स्क्रू सैल असल्यामुळे. तो ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू असतो, बहुधा टी-८ किंवा टी-६. त्यात ॲलन की कोंबू नका, खाचा गोल होतात आणि मग तो कशानेच फिरत नाही. चांगला बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, पुण्यात बोहरी आळीत मिळेल. स्क्रू एका वेळी पूर्ण फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच आवळा आणि दर वेळी पातं उघडझाप करून बघा. हलणं थांबलं पण पातं जड झालं, तर शेवटचं जेवढं आवळलं त्याच्या निम्म्याने मागे या. परत परत सैल होत असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), तेही टाचणीच्या टोकाएवढं. लाल लावलंत तर तापवल्याशिवाय स्क्रू सुटणार नाही.

पातं वरखाली हलत असेल तर मात्र आवळून उपयोग नाही. तो दोष लॉकच्या बैठकीचा, परत पाठवायचा.

मिटल्यावरच्या झुकण्याचा फार विचार करू नका. साध्या वहीच्या कागदाची पट्टी पातं आणि पत्रा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी सरकवून बघा. न अडकता गेली तर काम चालतं. पातं पत्र्याला घासत असेल, धारेवर चकाकणारा ओरखडा दिसत असेल, तर तो दोष.

धारेचं सांगायचं तर, अशा कमी किमतीच्या चाकूत कारखान्यातली धार बेल्टवर भराभर काढलेली असते. कोन दोन्हीकडे सारखा नसतो आणि कडेचं पोलाद कधी कधी तापून कमजोर झालेलं असतं. दोन-तीनदा दगडावर लावली की खरं पोलाद वर येतं. तुमचं पातं डी-२ या जातीच्या पोलादाचं आहे. त्यात कार्बाइडचे, म्हणजे फार टणक, कण भरपूर, साध्या दगडावर खूप वेळ जातो. डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धार लावायची पट्टी) घ्या, दर बाजूला साधारण २० अंश धरा. सायकलवाल्या धारवाल्याकडे देऊ नका. त्याच्या चाकावर ठिणग्या उडतात, कड निळी पडली की तिथली टणकी गेली.

डी-२ पूर्ण स्टेनलेस नाही हेही लक्षात असू द्या. क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये अडकतं. पावसाळ्यात लिंबू कापून तसाच सॅकमध्ये टाकलात तर सकाळी तांबूस ठिपके दिसतील. तो कंपनीचा दोष नाही. पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल पात्याला चालेल, पिव्होटला नको. पुण्याच्या डिसेंबरात ते थिजतं आणि लोक पुन्हा 'चाकू जड उघडतो' म्हणून तक्रार करतात.

बदलून आला की लॉकचा असाच फोटो टाका. उजेडाकडे धरून, पट्टी आणि बूड दोन्ही दिसतील असा. मी बघून सांगतो.