आम्ही दोघं नेहमीच्या उंचीचे, मग बाळाला अकॉन्ड्रोप्लाझिया (हातपाय आखूड राहून उंची खुंटण्याचा जन्मजात विकार) कसा? ग्रहण पाळलं नाही म्हणून?

नाही, ग्रहणाचा किंवा तुमच्या खाण्यापिण्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. एफजीएफआर3 या जनुकातलं एकच अक्षर बदललं की हे होतं. या जनुकापासून बनणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संदेश घेणारं प्रथिन, हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेला ‘आता पुरे’ असं सांगतो, म्हणजे वाढीला ब्रेक लावतो. 1994 मध्ये सापडलेल्या या बदलात या प्रथिनातल्या 380व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन हे दुसरं अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) येतं आणि तो ब्रेक दाबलेलाच राहतो. म्हणून दंड आणि मांड्या आखूड, धड जवळपास नेहमीएवढं. बुद्धी मात्र सर्वसाधारण. अशा दर 5 बाळांपैकी सुमारे 4 जणांत हा बदल नव्याने, बहुतेक वेळा वडिलांच्या शुक्रपेशीत झालेला असतो. यात कुणाचाही दोष नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही नक्की सांगा. पुढच्या बाळाचा धोका फार कमी, पण अगदी शून्य नाही: क्वचित आई किंवा वडिलांच्या आणखी काही बीजपेशींत तोच बदल असतो. त्यासाठी जेनेटिक समुपदेशकांना भेटा. आणि बाळाचा श्वास झोपेत थांबतोय असं वाटलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. कवटीच्या तळाशी मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो.